पंधरा दिवसांची परवानगी

हिंदी मुलखातल्या खुर्सीपारच्या त्या गल्लीत रुक्माबाईंशी मराठीत बोलणारं कोणी उरलं नव्हतं. नवरा चंपत पोलादाच्या प्लांटमध्ये ठेकेदाराकडे राबला आणि तीन वर्षांपूर्वी गेला. मुलगा राजदीप सुरतेला. त्याची पोरं फोनवर ‘दादी, कैसी हो’ म्हणत आणि खेळायला पळत. बाई बोलायच्या मोठ्या हौशी, पण बोलणार कोणाशी? भाजीवाल्याशीही हिंदीतच हुज्जत घालावी लागे, आणि हिंदीत काही त्यांना मनासारखं भांडता येत नसे.

एप्रिलच्या वादळात घरामागच्या लोखंडाच्या कारखान्यातलं धूळ पकडणारं यंत्र मोडलं. पेटती भट्टी एकदम विझवता येत नाही, म्हणून कारखान्याला ती पंधरा दिवस तशीच चालवायची तातडीची परवानगी मिळाली. अट एकच, जवळच्या वस्तीतली हवा रोज मोजायची. त्यासाठी रुक्माबाईंच्या छतावर एक मशीन आलं. ते दिवसरात्र हवा ओढी आणि धूळ आतल्या कागदावर बसे. कागद बदलायला रोज सकाळी कुम्हारीहून नागसेन येई. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, “मावशी, पानी भेटन का?” बाईंचं काळीज सुपाएवढं झालं.

दुसऱ्या दिवसापासून त्याच्यासाठी पोहे होऊ लागले. तो घाईत असे, तरी दहा मिनिटं बसे. तेवढ्या दहा मिनिटांत बाई तीन वर्षांचं बोलून घेत.

छतावर काळी भुकटी पडे. पाहुण्याची वस्तू अशी काळी होऊ द्यायची, हे बाईंना कसं पटावं? त्यांनी चंपतची जुनी लुंगी दुहेरी करून मशीनवर टाकली. पोरगा हसेल म्हणून तो यायच्या आत रोज काढूनही ठेवली.

बाराव्या दिवशी नागसेन पोहे खाता खाता म्हणाला, “कागद पांढरेच निघून राहिले, मावशी. हवा ठीक हाये म्हणून कारखान्याले अजून पंधरा दिवस भेटले.”

अजून पंधरा दिवस! बाई मनातून हरखल्या. मग त्यांना वाळत टाकलेली लुंगी दिसली. कितीही धुतली तरी ती काळीच राहिली होती. भिंतीपलीकडे शेजारच्या रेणूची लहानगी खोकत होती. ती आठवडाभर तशीच खोकत होती, आणि बाईंनी रोज ऐकलं होतं.

गप्प बसलं असतं तर कोणाला कळणार होतं? बाईंना फार वाटलं, गप्प बसावं.

“बेटा,” त्या म्हणाल्या, “मी मशीनवर लुंगी टाकत होती. काळी होऊ नये म्हणून.”

नागसेनचा घास हातातच राहिला. “कावून केलं असं, मावशी? मले आता साहेब सोडनार नाही.”

“तुझी मशीन होती ना,” बाई म्हणाल्या.

पुढचे दोन कागद कढईच्या बुडासारखे निघाले. तिसऱ्या दिवशी परवानगी रद्द झाली आणि हळूहळू विझवत आठवड्याभरात भट्टी थांबली. नागसेन मशीन न्यायला आला, तेव्हा पोहे खायला त्याला वेळ नव्हता. “येत जाईन,” म्हणाला. तो कुम्हारीहून कशाला येईल, हे बाईंना कळत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक पांढरी चादर छतावर वाळत घातली. संध्याकाळी ती पांढरीच उतरली. रुक्माबाई तिची घडी न घालता बराच वेळ उभ्या राहिल्या. हे कोणाला तरी दाखवावं असं त्यांना फार वाटत होतं.