सर्कलवाले आणि पूलवाले

सगळी उमर खाकीत गेली. खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातलं बरंचसं विसरलोही. पण त्या चौकातली ती सकाळ काही केल्या डोक्यातून जात नाही. आजही रस्त्याच्या मधोमध बांबूला बांधलेला फ्लेक्स दिसला की मला चैन पडत नाही. बायको म्हणते, "रिटायर झालात ना, आता तरी स्वस्थ बसा." बसवत नाही, त्याला मी काय करू?

तेव्हा मी चाकण पट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. कुणाचं नाव सांगत नाही, गावाचंही नाही. माणसं अजून तिथंच राहतात, एकमेकांना रोज तोंड दाखवतात.

आमच्या हद्दीत एक चौक होता. औद्योगिक वसाहतीतून येणारा रस्ता तिथं महामार्गाला मिळायचा. कंटेनर, ट्रेलर, कंपन्यांच्या बस, टेम्पो, दुचाक्या, सगळे एकमेकांच्या अंगावर. शेवटी रस्त्याच्या खात्यानं प्रयोग म्हणून वाळूनं भरलेले ड्रम गोल मांडले, आत मातीचा भराव टाकला आणि सर्कल तयार केलं. गाडीनं ड्रम उजव्या हाताला ठेवून गोल फिरायचं, आधी आत आलेल्याला वाट द्यायची. वाट कोण देतंय? पण निदान वेग कमी झाला होता.

या ड्रमांनी गावाची दोन शकलं केली: सर्कल राहावं म्हणणारे आणि उड्डाणपूल व्हावा म्हणणारे. सर्कलवाल्यांचा पुढारी कोपऱ्यावरचा हॉटेलवाला. मूळ गावकरी, आवाज खणखणीत. तो म्हणायचा, "साहेब, पूल झाला की चारी अंगाला उतार काढणार, त्यात माझं हॉटेल जाणार, ह्यांची दुकानं जाणार. वरनं गाड्या भुर्रकन जातील आन आमी खाली माशा मारत बसू. सर्कल हाय त्ये बेस हाय. गाडी आपसूक दमानं घेतीया." पूलवाल्यांचे पुढारी म्हणजे समोरच्या मोठ्या सोसायटीचे अध्यक्ष. कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, बोलणं तोलून-मापून. ते म्हणायचे, "अहो, एक लांब ट्रेलर वळायला लागला की चारही रस्ते तुंबतात. सर्कल गावातल्या चौकाला ठीक. इथं महामार्गाची वाहतूक वरून आणि गावाची खालून, हाच उपाय."

खरं सांगू का, मला दोघांचंही पटायचं आणि दोघांचाही वैताग यायचा. कारण यांची प्रत्येक सभा म्हणजे आम्हाला बंदोबस्त. त्यातून दोघांनीही सर्कलच्या मधोमध भरावावरच आपापले फ्लेक्स रोवले होते. 'सर्कल वाचवा' आणि 'सर्कल हटवा' एकमेकांना खेटून उभे. मी दोनदा काढायला लावले, दोन्ही वेळा परत उभे राहिले.

एका सकाळी पहिल्या शिफ्टच्या वेळेला ठाणे अंमलदारांचा फोन आला. सर्कलवर बाई टेम्पोखाली आली होती. मी पोचलो तेव्हा टेम्पोच्या काचा फुटल्या होत्या आणि ड्रायव्हरला लोक बडवत होते. आमच्या पोरांनी त्याला कसंबसं ओढून जीपमध्ये घातलं. बाईला दवाखान्यात नेलं, पण तिथं पोचण्याआधीच सगळं संपलं होतं.

बाई जालन्याकडची. गावातच भाड्याच्या खोलीत राहायची, वायरिंग बनवणाऱ्या कंपनीत कामाला. नवरा भोसरीत एका वर्कशॉपमध्ये मशीनवर. तो तसाच तेलकट कपड्यात आला. रडला नाही. "डबा कुठाय तिचा?" एवढंच विचारलं. डबा ड्रमजवळ पडला होता, हवालदारानं आणून दिला.

पंचनाम्याच्या वेळी मी भरावावर चढलो. मातीत बांबूंचे खड्डे दिसले, ताजे. फ्लेक्स गायब होते. लाज वाटली असेल म्हणून काढले असतील, असं तेव्हा वाटलं. हॉटेलचा कॅमेरा बघितला, तर तो स्वतःच्या पार्किंगकडं तोंड करून बसलेला. सर्कल त्यात नव्हतंच.

दुपारपर्यंत दोन्ही जमाव ठाण्याच्या दारात. सर्कलवाले ओरडत होते, "दारू पिऊन उलट्या बाजूनं घुसला! सदोष मनुष्यवध लावा!" पूलवाले ओरडत होते, "ड्रममुळं गोंधळला, सरळ आत घुसला! सर्कलवर गुन्हा दाखल करा!" सर्कलवर गुन्हा! आता ड्रमाला बेड्या कशा घालायच्या ते तेवढं यांनी सांगावं. माझा तरुण उपनिरीक्षक कानाशी येऊन म्हणाला, "सर, जमाव तापलाय. मोठं कलम लावून मोकळे होऊ."

मोठं कलम म्हणजे आमच्या ठाण्यातून जामीन नाही. म्हणजे ड्रायव्हर तुरुंगात, खटला उभा राहीपर्यंत वर्षं गेली. व्हरांड्याच्या बाकावर त्याची बायको येऊन बसली होती, काळेवाडीहून. कडेवर तान्हं मूल. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक शिपायाला विचारत होती, "दादा, सोडतील का वो?" माझ्या केबिनच्या दारातून ती सरळ दिसायची. मी दार लावलं, मग गुदमरायला लागलं म्हणून उघडलं.

तेवढ्यात एक निनावी फोन आला. ड्रायव्हर पहाटेपर्यंत भोसरीच्या एका गुत्त्यात बसला होता म्हणे. पोरं धाडली, गुत्ता पालथा घातला. काही नाही. डॉक्टरांच्या तपासणीतही दारूचा मागमूस नाही. पहाटे तो एका वर्कशॉपमध्ये माल भरत होता, तिथल्या वॉचमननं तसं सांगितलं. साप साप म्हणून भुई धोपटली नुसती! फोन कुणाचा ते काढलं, तर निघाला हॉटेलातला वेटर. समोर उभा केला तर लगेच कबूल झाला. "शेठनी सांगितलं, म्हणून केला, साहेब." मी त्या शेठला फोनवर जे बोललो, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मग ड्रायव्हरला समोर बसवलं. मराठवाड्यातलाच, तिशीचा. ओठ सुजलेला.

"उलटा घुसलास?"

"न्हाई साहेब. गोल फिरूनच आलो. कडंला बस उभी व्हती, निम्मा रस्ता अडवून. म्हणून मी आतल्या अंगानं, ड्रमला घासून घेतलं. बोर्डामागून बाई एकदम म्होरं आली. ब्रेक लावला, पर…"

"कोणती बस?"

"कंपनीची. पाटी न्हाई वाचली."

उपनिरीक्षक हसला. "सर, एकाही साक्षीदारानं बस सांगितली नाही. प्रत्येक आरोपीच्या आडवं काहीतरी येतंच."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. जबाब माझ्यासमोर पडले होते. निम्म्यांनी टेम्पो उलटा आला म्हटलं होतं, निम्म्यांनी सरळ घुसला म्हटलं होतं. गोल फिरून आला असं एकानंही म्हटलं नव्हतं, बसचं नावही कुणी काढलं नव्हतं. मी बरेच जबाब वाचलेत. खरं बघणारी माणसं अडखळतात, मागं-पुढं करतात. यांचे जबाब पोपटासारखे होते, फक्त पोपट दोन पिंजऱ्यांतले. ड्रायव्हरच्या तोंडातला 'बोर्ड' हा शब्द मला टोचत होता. बोर्ड म्हणजे ते फ्लेक्स, आणि पंचनाम्याच्या वेळी ते तिथं नव्हते. पण खड्डे ताजे होते. म्हणजे पंचनाम्याच्या आधी, बाई दवाखान्याच्या वाटेवर असताना, दोन्ही बाजूंनी आपापले फ्लेक्स उपटून नेले होते. जे दोघं एका टेबलावर चहा पीत नव्हते, त्यांना एकाच वेळी एकच काम कसं सुचलं?

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या साक्षीदारांना बोलावलं. ठाण्याच्या आवारात खडूनं मोठं सर्कल काढलं, रस्ते काढले, ड्रमांच्या जागी कुंड्या ठेवल्या. हवालदार म्हणाला, "साहेब, लगोरी खेळायचीय का?" म्हटलं, बघ तू.

प्रत्येकाला एकेकटं आत घेतलं. टेम्पोबद्दल एक शब्द विचारला नाही. म्हटलं, "अपघाताच्या वेळी तुम्ही जिथं होता, तिथं जाऊन उभे राहा. तोंड जिकडं होतं, तिकडं करा." गेला की ती जागा आणि तोंडाची दिशा कागदावर टिपायची, आवारातली खूण पुसायची आणि मगच पुढच्याला बोलवायचं. लहान पोराचा खेळ वाटेल, पण माणूस तोंडानं खोटं बोलायला तयारी करून येतो. पायांची तयारी कुणी करत नाही.

सर्कलवाला असो की पूलवाला, एकेकटे येऊनही सगळे एकाच ठिकाणी उभे राहिले. सर्कलमधून वसाहतीकडं जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी, डाव्या कडेला. कागदावर तिथं खुणांची दाटी झाली. आणि तोंड? सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला, सर्कलकडं पाठ करून. उपनिरीक्षकाचा चेहरा पडला. "सर, यातल्या कुणालाच टेम्पो दिसला नसणार."

"मग पाठ करून ही मंडळी बघत काय होती?" मी विचारलं.

तो हळूच म्हणाला, "बसचं दार."

शेवटची साक्षीदार एक बाई होती. गावातलीच, त्याच कंपनीत कामाला, गेलेल्या बाईच्या शेजारची मशीन. तीही त्याच जागी जाऊन उभी राहिली, पाठ करून. मी म्हटलं, "मावशी, बसमध्ये चढत होता ना तुमी?" ती एकदम मागं वळली, कुंड्यांच्या मधोमध बघायला लागली आणि खाली बसली.

"आमीच हाका मारल्या साहेब," ती म्हणाली. "ती पल्याड व्हती, मधनं येत व्हती. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, बस हालाया लागली. आमी सगळ्यांनी वरडून सांगितलं, 'पळ गं, बस सुटतीया, पळ!' ती हसत पळाली. त्या बोर्डाच्या मागनं. मंग आवाज झाला."

हवालदारानं तिला पाणी दिलं, तिनं घेतलं नाही.

पुढचं सगळं भराभर झालं. बसचा ठेकेदार सापडला, बसमधल्या जीपीएसवरून बस तिथं थांबल्याचं कळलं. बसचा ड्रायव्हर म्हणाला, "रोज तिथंच थांबतो साहेब. थांबा पुढं आहे, शेड पण बांधलीय, पण तिथं थांबलं तर लोक शिव्या देतात." एकेक साक्षीदार परत आला आणि जबाब बदलला. बसचं नाव काढलं तर थांबा पुढं जाईल, रोज पायपीट करावी लागेल, म्हणून सगळे मूग गिळून गप्प होते, असं ते सांगत. ते खरंच होतं. पण त्याहून मोठं खरं त्या मावशीनं सांगितलं होतं.

दोन्ही पुढाऱ्यांना मी एकाच वेळी बोलावलं, शेजारी शेजारी बसवलं. चौकशीत निघालं की बस तिथं थांबावी म्हणून सोसायटीच्या अध्यक्षांनीच ठेकेदाराला गळ घातली होती, गेट समोर पडतं म्हणून. हॉटेलवाल्यानं दुजोरा दिला होता, सकाळचा वडापाव खपतो म्हणून. अपघात होताच फ्लेक्सही दोघांनीच उपटवले होते, बाई त्यांच्याआडून आली हे दिसू नये म्हणून. सर्कल की पूल यावर गावात डोकी फोडणारी ही माणसं, या एका गोष्टीवर एकदिलानं एक होती.

अध्यक्ष म्हणाले, "साहेब, मूळ प्रश्न रचनेचा आहे. पूल असता तर…"

हॉटेलवाला उसळला, "पूल असता तरी बस खालीच थांबली असती की!"

"गप्प बसा दोघंही!" मी ओरडलो. एवढा की बाहेर व्हरांड्यात तान्हं मूल रडायला लागलं.

टेम्पोवाल्यावर मोठं कलम लागलं नाही. तो जामिनावर सुटला. बसचा ड्रायव्हर, ठेकेदार आणि फ्लेक्स रोवणारे यांच्यावर त्यांच्या त्यांच्या वाटणीचे गुन्हे दाखल झाले. टेम्पोवाल्याची बायको जाताना माझ्या पाया पडायला वाकली. मी मागं सरकलो, मला ते सोसवलं नाही.

काही दिवसांनी मेलेल्या बाईचा नवरा गावाकडून कागदपत्रांसाठी आला. तो चौकातूनच आला होता. म्हणाला, "साहेब, तिचा फोटो लावलाय तिथं. दोन्ही बोर्डांवर. एकावर लिवलंय सर्कलनं घेतला बळी, दुसऱ्यावर लिवलंय शहीद भगिनीला न्याय द्या, सर्कल वाचवा. फोटो येकच हाय, आमच्या लग्नातला. मला कुणी इचारलं न्हाई." ते दोन्ही फ्लेक्स मी स्वतः जाऊन फाडले. वर्दीत होतो, भर दुपार होती, लोक बघत होते. बघू देत.

त्या दिवशी ठाण्यातून निघताना त्यानं विचारलं, "ती पळत व्हती म्हणं. तिला हाका कुणी मारल्या?"

नाव माझ्याकडं होतं. नावं होती. मी म्हटलं, "तिच्या मैत्रिणींनी. तिची बस चुकू नये म्हणून."

"व्हय," तो म्हणाला. "चांगल्या बाया हायत त्या. डबा वाटून खायच्या." आणि गेला.

या प्रकरणानं मला एक शिकवलं. दोन पक्ष हमरीतुमरीवर आले की आपण ते कशावर भांडतात तेच ऐकत बसतो. ते कशावर भांडत नाहीत, तिकडं आधी बघावं.

आता त्या चौकात ड्रम नाहीत. पुलाचे खांब उभे राहिलेत, हॉटेल मागं सरकलंय. मी अधूनमधून सकाळी स्कूटर काढून तिकडं जातो. का जातो, विचारू नका. परवा गेलो, तर खांबाखाली, थेट वळणावर, कंपनीची बस उभी. दाराशी तीच दाटी. आणि रस्त्याच्या पल्याडून एक मुलगी पाठीवर सॅक टाकून पळत निघाली. बसमधून कुणीतरी ओरडलं, "अगं पळ, पळ!"

मी स्कूटर स्टँडवर लावली आणि बसच्या पुढं जाऊन उभा राहिलो, अगदी बोनेटला हात टेकून. ड्रायव्हरनं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही.

"ओ काका, मरायचंय का? सरका की!"

मी मुलीकडं बघून ओरडलो, "सावकाश ये गं पोरी! बस कुठं जात नाही!"

ती थांबली, दोन्हीकडं बघितलं, आणि चालत आली.