बासनात बांधलेली गोष्ट

माझा धाकटा, नंदू, गेला त्या दिवसापासून मी देवाशी अबोला धरला आणि माझ्या कुंदाने आम्हा सगळ्यांशी. माझा अबोला कुणाच्या लक्षात आला नाही, कारण घरातली पूजा सासूबाई करत आणि देवाकडून कधी तक्रार आली नाही. कुंदाचा मात्र सबंध चाळीला दिसला. नऊ वर्षांची पोर. दिवसभर तोंडाचा पट्टा चालू असायचा तिचा. तो एकाएकी थांबला, तो थांबलाच.

आमचं बिऱ्हाड गिरगावात, दोन खोल्यांचं. हे फोर्टातल्या एका कचेरीत कारकून होते आणि कचेरी सुटली की संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना जात. दिवाळी तोंडावर आलेली असताना नंदूला घटसर्प झाला. लागट दुखणं, म्हणून कुंदाला दादरला माझ्या भावाकडे पाठवलं. ती परत आली तेव्हा घरात नंदू नव्हता. सासूबाईंनी तिला मांडीवर घेतलं आणि सांगितलं, “देवाला आवडला म्हणून देवाने नेला हो त्याला. आता आईला काही विचारायचं नाही. तिला त्रास होतो.” मुलांना तेव्हा असंच सांगायची रीत होती. माझ्या आईनेही मला असंच सांगितलं होतं. कुंदाने मान डोलावली आणि त्यानंतर तिने खरंच काही विचारलं नाही. मलाच काय, कुणालाच नाही.

सुतकात आमच्याकडे कढई चढली नाही. चाळीतल्या बायकांनी रीतीप्रमाणे फराळाची ताटं पाठवली, पण कुंदाने करंजीचा तुकडासुद्धा तोंडात घातला नाही. पुढे जेवायलाही ती दाराकडे तोंड करून एकटी बसायला लागली. आपलं ताट-वाटी आपणच घासायची आणि आमच्या भांड्यांत न मिसळता खिडकीत पालथी घालायची. शेजारच्या तान्ह्या बाळाला पूर्वी मुके घेऊन घेऊन रडवायची, आता त्याच्या वाऱ्याला उभी राहीना. मला वाटलं, पोर हेकट झाली. डॉक्टरांनी घसा पाहिला, घशात काही नव्हतं. अंगारे झाले, गंडेदोरे झाले. अंगावरचा फ्रॉक खुंटीला टांगल्यासारखा दिसायला लागला, तेव्हा डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, ही अशीच राहिली तर माझ्या औषधाने काही व्हायचं नाही. एक लेकरू गेलं होतं, आणि दुसरं माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं.

सासूबाई म्हणाल्या, महादेवाच्या पोथीचा सप्ताह कर. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे वाचणार मीच. मी सरळ नाही म्हटलं. दुखण्यात पोथी नंदूच्या उशाशी ठेवली होती, तिने काय केलं? नंतर ती मी देवळात नेऊन ठेवली ती परत आणली नव्हती. सासूबाई चिडल्या नाहीत. वाती वळता वळता म्हणाल्या, “देवावर रागव हो खुशाल. पण त्याच्या पुढ्यात बसून रागव. मोरीत भांडी आपटून त्याला काय कळायचंय?”

मोरीतली भांडी त्यांना ऐकू येत होती तर! मी हसले नाही, पण दुसऱ्या दिवशी पोथी मागायला वरच्या मजल्यावर गेले.

तिथे आमच्या विमलताई राहत. त्यांचे सासरे तात्या म्हणजे जमदग्नी. घरात कादंबरी दिसली तर चुलीत घालीन, अशी त्यांची सुनेला तंबी होती. विमलताई त्या दिवसांत माहेरी परळला गेल्या होत्या आणि हरताळ, संचारबंदी यांत तिकडेच अडकल्या होत्या. तात्यांनी स्वतः हातपाय धुतले, फडताळातून लाल बासनात बांधलेली पोथी काढली, कपाळाला लावली आणि माझ्या हातात दिली. “सूनबाई फार जपतात हिला,” म्हणाले, “कुणाला हात लावू देत नाहीत.” त्यांच्या आवाजात सुनेचं एवढं कौतुक मी कधी ऐकलं नव्हतं.

सोमवारी सकाळी न्हाऊन, ओलेत्याने रांगोळी काढून मी आसनावर बसले. कुंदा देवाच्या खोलीत पाऊल टाकत नसे. ती गॅलरीत पाठमोरी उभी होती. सासूबाई माळ घेऊन भिंतीशी बसल्या. हातावर पाणी घेऊन मी संकल्प सोडला, माझ्या मुलीला वाचा येऊ दे. संकल्प सुटला की त्या दिवसाचं वाचन होईपर्यंत आसन सोडायचं नाही, हा आमच्या घरचा दंडक. बासनाची गाठही त्याआधी सोडायची नाही. मी गाठ सोडली, पान उघडलं, आणि माझा हात तसाच राहिला.

ती पोथी नव्हतीच. ती कादंबरी होती.

बायकांमध्ये तेव्हा ती फिरत होती, हे मी ऐकून होते. कुणाची होती कोण जाणे. हळदीकुंकवाला गेलं की एकीच्या पिशवीतून दुसरीच्या पिशवीत जायची. गिरगावातून दादरला, दादरहून लालबागला, तिथून परत. लहान मुलाच्या दुःखाची गोष्ट आहे म्हणत, आणि डोळे पुसत म्हणत. तात्यांच्या धाकाने विमलताईंनी ती पोथीच्या बासनात लपवली होती आणि तात्यांनी भक्तिभावाने मला आणून दिली होती!

मी हळूच म्हटलं, “सासूबाई, घोटाळा झालाय. ही पोथी नाही. गोष्टीचं पुस्तक आहे.”

त्यांची माळ थांबली.

“संकल्प सोडलास?”

“सोडला.”

“मग आता उठायचं नाही. बासनातून जे आलं ते वाच.”

“अहो, पण कादंबरी देवापुढे—”

“अगो, तात्यांनी कपाळाला लावून दिलंय ना? आता ते काय आहे ते महादेव बघेल. वाच तू. आणि मोठ्याने वाच.”

मी वाचायला लागले, खरं तर रागानेच. मनात म्हटलं, बघ देवा, तुझ्या दारी आले तर तू अशी थट्टा करतोस.

खाडीकाठच्या गावातला एक मुलगा होता. त्याची धाकटी बहीण तापाने जाते. तो लहान म्हणून घरातले त्याला सांगतात, ती मामाकडे गेलीय. तो रोज धक्क्यावर जाऊन होडीची वाट पाहतो, आपल्या खाऊतला अर्धा तिच्यासाठी खिशात ठेवतो. एवढीच गोष्ट. पण मधूनमधून पानांच्या कडेला लाल ठिपके होते. मला आधी शाईचे वाटले, मग वासावरून कळलं की कुंकू आहे. वाचणाऱ्या बायकांनी आपापल्या कपाळाचं कुंकू बोटाला घेऊन, जिथे रडू आलं तिथे टेकवलं होतं. कुठे एक, कुठे दोन. मी एकटी वाचत नव्हते. माझ्या आधी किती जणी त्या पानावर थांबल्या होत्या! माझा राग तिथेच कुठेतरी ओसरायला लागला.

दुसऱ्या दिवशी मी बासन सोडलं तेव्हा कुंदा गॅलरीतून उंबऱ्याशी आली होती. पुढे ती आत, ट्रंकेला टेकून बसली. मी तिच्याकडे पाहत नव्हते. सासूबाईंनी आधीच बजावलं होतं, चिमणी दाणे टिपायला आली की तिच्याकडे बघायचं नसतं. हे त्या वेळी म्हणाले, सप्ताह चालू आहे तर पोथीत खाडी कुठून आली? सासूबाई म्हणाल्या, “तू तुझा संयुक्त महाराष्ट्र बघ.”

मग ती सकाळ आली. बाहेर संचारबंदी होती. एरवी रस्त्यावरून ‘झालाच पाहिजे’च्या आरोळ्या येत, त्या दिवशी ट्रामची घंटासुद्धा नव्हती. गिरगाव इतकं गप्प मी आधी कधी ऐकलं नव्हतं, आणि पुढेही नाही. मी पान उलटलं तर दोन्ही कडा लाल. ठिपक्याला ठिपका लागलेला, नवा टेकवायला जागा नाही. मला धडकी भरली. त्या पानावर तो मुलगा मनातली गोष्ट बोलतो. बहीण खेळायला मागे लागली तेव्हा तो तिला म्हणाला होता, जा, परत येऊ नकोस. म्हणून ती येत नाही, असं त्याला वाटत असतं. आपल्या शब्दानेच ती गेली.

मी वाचत राहिले. आणि माझ्या पाठीमागून, कित्येक दिवस न उघडलेलं दार करकरावं तसा आवाज आला.

“पण त्याच्यामुळे नाही ना गेली ती?”

माळ सासूबाईंच्या हातातून खाली पडली. मी मागे वळले. कुंदा माझ्या पाठीशी येऊन बसली होती. तिचे ओठ कोरडे पडले होते.

“नाही गं,” मी म्हटलं. “ताप आला म्हणून गेली. मुलांच्या बोलण्याने कुणी जात नाही.”

“आणि उष्ट्याने?”

मला समजेना. मग ती बोलायला लागली, अडखळत, तुटक तुटक. नंदूने तिच्याकडे लिमलेटची गोळी मागितली होती. एकच होती. मुलं एरवी चिमणीच्या दाताने तोडतात ना, गोळी फ्रॉकच्या टोकात धरायची आणि कापडावरून चावायची, म्हणजे ती उष्टी होत नाही. त्या दिवशी घाई होती, शाळेला उशीर झाला होता. तिने कापड न धरता तशीच दातांनी तोडली आणि अर्धी त्याच्या तोंडात घातली. दुसऱ्या दिवशी त्याचा घसा दुखायला लागला.

“माझ्या तोंडात होतं ते,” ती म्हणाली. “म्हणून मी तोंड उघडत नाही.”

पालथी वाटी, दाराकडे तोंड करून जेवणं, शेजारच्या बाळाला टाळणं, सगळं एकदम माझ्यासमोर आलं. माझी पोर हेकट झाली नव्हती. ती आम्हाला वाचवत होती. इतके दिवस, एकटी, तोंड मिटून.

मी आसनावरून उठले नाही, पण तिला ओढून आसनावर घेतलं. तिला पहिल्यांदा सगळं खरं सांगितलं. घटसर्प म्हणजे काय, तो गल्लीत आधीपासून कसा होता, नंदूला कुठे नेलं, शेवटी तो कसा झोपल्यासारखा दिसत होता. “तुझा घसा दुखला का कधी? नाही ना? मग तुझ्या तोंडात कुठून असणार?” भिंतीपासून सरकत सरकत सासूबाई आल्या, चाचपडत तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाल्या, “मी सबंध चाळीचं उष्टं खाऊन एवढी म्हातारी झालेय, ठोंबे!” आणि मोठ्याने रडायला लागल्या. नंदू गेला तेव्हा त्या रडल्या नव्हत्या. आम्ही तिघी रडलो. देवापुढचं निरांजन आपलं शांत जळत होतं, आणि मला त्याच्याकडे पाहायची भीती वाटत होती. रागाची नव्हे, वेगळीच. खोलीत आणखी कुणीतरी बसलेलं असावं तशी.

शांत झाल्यावर कुंदा म्हणाली, “पुढे वाच.” त्या मुलाला शेवटी कुणी खरं सांगतं की नाही, हे तिला कळायला हवं होतं.

विमलताई परतल्या त्या जिना धावतच उतरून आमच्या दारात आल्या, चेहरा पांढराफटक. खरी पोथी त्यांच्या पेटीत जुन्या लुगड्यात होती. “काकू, माझ्यामुळे तुमचा सप्ताह बाटला हो,” म्हणून त्या हात जोडायला लागल्या. सासूबाई म्हणाल्या, “आमचा सप्ताह यथासांग झाला. उद्या उद्यापन आहे, प्रसादाला ये. तात्यांनाही आण.” मग त्यांनी मला त्या पानावर त्यांचं बोट न्यायला सांगितलं. त्यांना कुंकू नव्हतं. त्यांनी महादेवापुढचं भस्म बोटाला घेतलं आणि लाल ठिपक्यांवरच आपला एक पांढरा ठिपका टेकवला. माझा मी त्याला लागूनच टेकवला.

उद्यापनाला मी रव्याचे लाडू केले. नैवेद्य दाखवून पहिला कुंदाच्या हातावर ठेवला. तिने सवयीने फ्रॉकचं टोक उचललं, लाडू त्यात धरला आणि माझ्याकडे पाहिलं. मी ते टोक हळूच बाजूला केलं. ती क्षणभर थांबली. मग तशीच, उघड्या दातांनी तिने लाडू तोडला आणि उरलेला अर्धा माझ्यापुढे धरला. मी तोंड उघडलं. देवळातल्या कुठल्याही प्रसादाने माझ्या अंगावर असा काटा आला नव्हता.

पुस्तक पुढे काळाचौकीला गेलं. तिथे कुणाचं तरी मूल गेलं होतं, एवढंच विमलताईंनी सांगितलं. ते बासनात बांधून कुंदानेच त्यांच्या हाती दिलं. विमलताई आपलं लाल बासन मागत होत्या. सासूबाईंनी त्यांना नवं शिवून दिलं, पण जुनं त्या पुस्तकावरून काढू दिलं नाही. ती कादंबरी मी पुन्हा पाहिली नाही. तिच्या लाल कडांमध्ये आता किती ठिपके झाले असतील, कोण जाणे.

हा चमत्कार होता का, असं मला कुणी विचारलं तर मी वाद घालणार नाही. तात्यांची चूक होती, विमलताईंची भीती होती, सासूबाईंचा हट्ट होता. पण देवाने काय द्यावं आणि कशात बांधून द्यावं, हे मी त्याला सांगायला गेले होते, आणि तो माझ्या पोरीचं मिटलेलं तोंड माझ्यापेक्षा नीट ओळखून होता. तेव्हापासून मी मागते, पण गाठ सोडल्यावर आत जे निघेल ते वाचते. माझा अबोला त्या सकाळीच सुटला होता. देवाने मात्र आपल्या बाजूने तो कधी धरलाच नव्हता.