उपग्रह फील्डवर गेलाय!

आमच्या ऑफिसात कामापेक्षा किस्सेच जास्त साचतात. कामाचा निदान महिन्याला रिपोर्ट तरी जातो, किस्से कुठं पाठवायचे? मंग ते असे चहाच्या टपरीवर निघतात.

आधी काम सांगतो. आपल्याकडं जुन्या गढ्या आहेत, पांढऱ्या मातीच्या. वरून बैलगाडी जाईल एवढ्या जाड भिंती! त्यांना तोफेची भीती नव्हती, पावसाची आहे. पाणी आत मुरलं की बुरूज बसलाच. तर पाऊस कुठं, किती येणार, कोणती भिंत जराशी सरकली, हे उपग्रह वरून बघतो, आणि आम्ही आधीच जाऊन डागडुजी करतो. आम्ही म्हणजे तिघं. कॉम्प्युटरवर वैशाली मॅडम, जीपवर रफिकभाई, आणि उरलेल्या सगळ्यावर मी. इथं यायच्या आधी मी एमआयडीसीत बियाण्याच्या प्लांटवर होतो. तिथं सात वर्षांत एक किस्सा झाला न्हाई!

पहिल्याच गावात मॅडमनी सभेत सांगितलं, "जमीन बोटभर सरकली तरी वरून कळतं." सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मला वाटलं, इंप्रेशन पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपपुढं अकरा माणसं उभी, प्रत्येकाच्या हातात सातबारा. "मॅडम, शेजाऱ्यानं माहा बांध कोरला. किती कोरला तेवढं वरून बघून सांगा. गढीचं मंग बघू."

मॅडम समजावून समजावून दमल्या. शेवटी सगळे गेले. एक जण तेवढा मागं रेंगाळला. त्यानं इकडं तिकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "मॅडम, ते फोटो डिलीट होतात का हो?"

एकदा तपासणीला साहेब आले. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "गढी नंतर. आधी तो उपग्रह दाखवा. कुठं ठेवलाय?"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी बुटाकडं बघितलं. रफिकभाई एकदम थंडपणे म्हणाले, "साहेब, वो तो फील्ड पे गया है."

साहेबांनी मान हलवली. "हालचाल रजिस्टरला नोंद केली का?"

केली. साहेबांचा चहा होईस्तोवर मीच केली!

आता, उपग्रहाला बुरूज बराबर दिसावा म्हणून आम्ही वर पत्र्याचा एक तिकोनी डबा बसवतो, तोंड आभाळाकडं. त्याचा स्क्रीनवर ठिपका उमटतो. एका सकाळी मॅडम खुर्चीतून उठूनच उभ्या राहिल्या. स्क्रीनवर बुरुजाचा ठिपकाच न्हाई! "बुरूज गेला!"

रफिकभाईंनी जीप अशी हाणली की माझा जेवणाचा डबा सांडला. पोचलो तर बुरूज जागच्या जागी. डब्याचं तोंड मात्र भलतीकडं, आणि आत सांडगे. शेजारी कडूबाई काकू कावळे हाकलत बसलेल्या.

"भाऊ, तुमी डबा वाकडा बसवल्ता," त्या म्हणाल्या. "ऊन बराबर येत न्हव्हतं. म्या नीट केला."

आमच्या रिपोर्टात 'बिघाडाचे कारण' असा रकाना असतो. मॅडमनी बराच वेळ पेन चावला आणि लिहिलं, 'स्थानिक खाद्यपदार्थ'.

अंबडकडच्या एका गढीची ताडपत्री विठ्ठलरावांच्या ताब्यात होती. मॅडमनी मेसेज केला, 'उद्या जोराचा पाऊस. आजच ताडपत्री टाका.' अर्ध्या तासात उत्तर आलं, 'टाकली.' आम्ही निवांत.

पाऊस झाल्यावर गेलो. बुरूज उघडा, भिजून लगदा झालेला, एक कोपरा खाली आलेला. आणि ताडपत्री? विठ्ठलरावांच्या सोयाबीनच्या गंजीवर! चारी बाजूंनी दगड ठेवून एकदम टकाटक.

मी भडकलो. विठ्ठलरावांनी मोबाइल काढून माझ्या नाकापुढं धरला. "वाचा. कशावर टाकायची ते कुठं लिव्हलंय?" मंग मॅडमकडं वळून म्हणाले, "एक दाना भिजला न्हाई बघा! तुमचा उपग्रह लई भारी!"

भोकरदन तालुक्यातल्या एका गढीनं मात्र मॅडमची झोप उडवली होती. तिची भिंत दरसाल कमी होत होती, आणि तीही ऐन वैशाखात. "पाऊसच नाही, तर झिजते कशानं?"

आम्ही बुरजावर चढलो आणि खाली बघितलं. गावातली सगळी धाबी, म्हणजे घरांची मातीची छपरं, ताजी पांढरीशुभ्र! या मातीतून थेंब गळत न्हाई, म्हणून दर उन्हाळ्यात लोक गढी खणून छपरावर टाकत होते.

मॅडमनी सरपंच काशिनाथरावांना धरलं. ते म्हणाले, "गढी गेली कुठं, मॅडम? गावातच हाय. डोक्यावर घेतली आमी तिला!"

आम्ही हसलो. पण पुढच्याच आठवड्यात उपग्रहानं दाखवलं, दोन दिवसांत मुसळधार. बुरजाला हातभर भेग, पायथ्याला अंगणवाडी आणि चार घरं. माणसं हलवली. घरं कशी हलवणार? नामदेवतात्या गवंडी भेगेत हात घालून म्हणाले, "आज भरली न्हाई तर बुरूज खाली येतो. काळी माती चालत न्हाई, फुगती अन् फुटती. पांढरीच पायजे. अन् गढीला आता हात लावायचा न्हाई."

सगळ्यांनी वर बघितलं. आपापल्या छपराकडं.

काशिनाथरावांनी फावडं उचललं, शिडी लावली आणि स्वतःच्या धाब्यावर चढले. खालून त्यांची बायको ओरडली, "आवो, पाऊस येऊन राह्यला! आपण बसायचं कुठं?"

"बुरूज टिकला तर अंगणवाडीत!"

पहिलं घमेलं खाली आलं. मंग दुसरी शिडी लागली, तिसरी लागली. दिवस मावळायच्या आत भेग भरली, उरलेली माती बुरजाच्या माथ्यावर चोपली. दोन दिवस पाऊस कोसळत होता. बुरूज हलला न्हाई.

महिन्याभरानं मॅडमना वरच्या ऑफिसातून मेल आला. 'आपल्या गढीची उंची वाढलेली दिसते. मातीची भिंत आपोआप वाढत नसते. कृपया डेटा तपासावा.'

मॅडमनी एका ओळीत उत्तर धाडलं.

'डेटा बरोबर आहे. गढी वाढली, गाव गळतंय.'