कारवीचा जुना कूड, एक

शहरातल्या प्रदर्शन केंद्राचा कायापालट करायचं ठरलं तेव्हा कामांची एक लांब यादी झाली. छतावर सौरपट्ट्या, तळघरात पावसाच्या पाण्याच्या टाक्या, प्रवेशद्वारापाशी उभी बाग, जुन्या लोखंडी तुळयांतून घडवलेली शिल्पं, मातीच्या रंगांची चित्रं. शेवटच्या पानावर एक ओळ होती : कारवीचा जुना कूड, एक.

तो कूड, म्हणजे काठ्यांची लिंपलेली भिंत, आमच्या घराचा होता. सूर्यमाळच्या खालच्या अंगाला, मोखाडा तालुक्यात, आमचा पाडा आहे. त्या यादीला आणि पाड्याला जोडणारा एकच माणूस होता, आणि तो मी होते.

मी तेव्हा एका वर्तमानपत्रात शहराचं पान बघत असे. केंद्राच्या नव्या आराखड्याची बातमी करायला गेले होते. आराखडा करणाऱ्या वास्तुरचनाकार बाईंनी मधल्या दालनाचं चित्र दाखवलं. तिथे त्यांना डोंगरातल्या घराची एक भिंत हवी होती. नमुना म्हणून नवी बांधून पाहिली होती, पण ती नाटकाच्या नेपथ्यासारखी दिसत होती. "मला अशी भिंत हवी आहे जिच्याशेजारी कोणी तरी राहिलेलं आहे," त्या म्हणाल्या. हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. बातमीत ते आलं नाही.

त्याच आठवड्यात भावाचा फोन आला. सरकारी घरकुल मंजूर झालं होतं. जुनं घर त्याच जागेवर होतं, म्हणून ते आधी पाडावं लागणार होतं. मी त्याला भिंतीचं सांगितलं.

"तुमच्या शहरात भिंती संपल्या काय गं?" तो म्हणाला.

"अशी नाही तिथे."

"शेणामातीची? घेऊन जा. छप्पर पण हवं असेल त सांग, कौलं फुटकी हायेत पण जुनी हायेत. जुनं लागतं ना तुमाला?"

मग त्याने फोन आईकडे दिला. आईने सगळं ऐकून घेतलं. तिने फक्त एक विचारलं.

"तिथं उभा राहील ना?"

"राहील," मी म्हणाले.

बातमीत एखादं विधान छापण्याआधी ते दोन ठिकाणी पडताळायचं, ही सवय मला बावीस-तेवीस वर्षांपासूनची. हे विधान मी एका ठिकाणीही पडताळलं नाही.

कूड चुलीच्या बाजूचा होता. आईवडिलांनी लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तो उभा केला. वडिलांनी डोंगरातून कारवी तोडून आणली, काठ्या उभ्या लावून बांबूच्या पट्ट्यांनी आवळल्या, आणि आईने दोन्ही बाजूंनी शेणमातीने लिंपल्या. पुढे दर वर्षी ती सारवत राहिली. चुलीच्या धुराने आतली बाजू काळी, चकचकीत झाली होती. उन्हाळ्यात तिच्यावर हात ठेवला तरी गार लागे आणि हाताला धुराचा वास राही.

या कुडात वडिलांनी एक भोक ठेवलं होतं. मुठीएवढं, चुलीपुढे बसलेल्या बाईच्या डोळ्यांच्या उंचीवर. त्यातून खाली रस्त्याचं वळण दिसे, जिथे एसटी थांबते. मी जव्हारच्या आश्रमशाळेत शिकायला होते. महिन्यातून एका शनिवारी घरी सोडत, पण कोणत्या शनिवारी ते आधी कळत नसे. मी वळणावर उतरून चढाला लागे. घरी पोचेपर्यंत तव्यावर नाचणीची भाकरी टाकलेली असे. हा योगायोग नाही, हे समजायला मला बरीच वर्षं लागली. आई दर शनिवारी दुपारी त्या भोकापुढे बसत होती.

कूड उतरवायला शहरातून चार कामगार आले. त्यांनी त्याचे चार भाग केले, प्रत्येक भाग गोणपाटात आणि जुन्या गोधड्यांत गुंडाळला. आई अंगणात उभी राहून सूचना देत होती.

"आडवा नको करू. उभा ने, बाबा, उभा."

"आजी, टेम्पोत उभा कसा राहणार?"

"मंग तू बस खाली, त्याला उभा राहू दे."

सगळे हसले. कूड तिरका करून बांधला आणि टेम्पो जव्हारच्या बाजूने घाट उतरला. घराच्या उघड्या बाजूने अंगणातला उजेड थेट चुलीवर पडला. आईने तिथे पोतं लावलं आणि संध्याकाळची भाकरी केली.

उद्घाटनाला मी आईला घेऊन गेले. भावाने नवं लुगडं घेऊन दिलं होतं. उभ्या बागेपुढे ती बराच वेळ थांबली. भिंतीवर लहान पिशव्यांत नेचे आणि गवतं लावलेली होती, बारीक नळ्यांतून थेंब थेंब पाणी पडत होतं.

"ही त आपल्या झऱ्यावर उगवते," एका नेच्याला हात लावून ती म्हणाली. "हिला भिंतीला कसाला टांगली?"

"इथे जमीन नाही, म्हणून."

"मंग हिला इथं कोणी बोलावली?"

मधल्या दालनात आमचा कूड उभा होता. सांधे दिसत नव्हते. काम चोख झालं होतं, आणि भोकही राखलेलं होतं. आईने कुडाला एक फेरी मारली, मग काळ्या बाजूला जाऊन भोकापुढे जमिनीवर बसली. सुरक्षारक्षक धावत आला.

"माताजी, यहाँ बैठना मना है."

वीटभट्टीवर काढलेल्या दोन हंगामांत आईला जेवढं हिंदी आलं होतं तेवढं तिने वापरलं. "ये भिंत मेरी है, बाबा. तुम भी बैठो."

तो बसला नाही, पण त्याने तिला उठवलंही नाही. आईने भोकातून पाहिलं. पलीकडे पाण्याच्या टाकीची माहिती देणारा फलक होता. तेवढ्यात वास्तुरचनाकार बाई आल्या, वाकून तिला नमस्कार केला, कूड कसा वाटतो विचारलं.

"बेस उभा केलास, बाय," आई म्हणाली. "चूल कुठं मांडणार?"

बाई हसल्या. मग आई उत्तराची वाट बघते आहे हे लक्षात येऊन त्यांनी समजावून सांगितलं की इथे आग चालत नाही, धूर झाला तर छतातून आपोआप पाणी पडतं. आईने मान वर करून छत पाहिलं.

परतताना रिक्षात ती म्हणाली, "धूर नाय त भुंगा खाईल."

आमच्याकडे हे सगळ्यांना माहीत आहे. दिवाळीनंतर जी घरं कुलूप लावून वीटभट्टीवर जात, त्यांच्या कुडाला आधी भुंगा, म्हणजे काठ्या पोखरणारा किडा, लागे. माणसं उन्हाळ्याच्या शेवटी परत येत तेव्हा भिंतीच्या बुडाशी पिवळं पीठ पडलेलं असे. वांगणीला माझ्या मावशीचं घर असंच गेलं. ज्या घरात रोज चूल पेटते त्याचा कूड टिकतो. मी हे लहानपणापासून बघितलं होतं आणि फोनवर "राहील" म्हणताना ते मला आठवलं नव्हतं.

हिवाळ्यात बाईंचा फोन आला. फरशीवर पीठ पडत होतं.

मी जाऊन पाहिलं. कुडाच्या बुडाशी पिवळट रेघ होती. सफाई कामगार रोज सकाळी ती झाडत होता आणि दुपारपर्यंत ती पुन्हा उमटत होती. फवारणी करता येत नव्हती, कारण सगळी इमारत रसायनमुक्त ठेवायची हीच नव्या आराखड्याची अट होती, आणि बाजूला झाडं होती. एक मार्ग उरला होता. कूड बाहेरच्या उघड्या आवारात हलवायचा आणि आठवड्यातून एक दिवस त्याच्यापुढे चूल पेटवायची. बाईंनी केंद्राकडे तशी परवानगी मागायचं ठरवलं. अर्ज मी लिहून दिला. तीन परिच्छेद, विशेषण एकही नाही. उत्तर आलं तेही तेवढंच नेमकं होतं : नाही.

बाईंनी कुडाचा साचा काढून त्याबरहुकूम नवी भिंत करायचं ठरवलं. हलकी, न किडणारी. जुना कूड फेकायचा नाही, बारीक करून बागेच्या खतात घालायचा, असंही ठरलं. "वाया काही जाणार नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी या कुडासाठी माझ्यापेक्षा जास्त धावपळ केली होती, ही नोंद इथे करायला हवी.

आईला हे फोनवर सांगायचं नाही एवढं मी ठरवलं आणि शनिवारी एसटीने निघाले. जव्हारला गाडी बदलली, मोखाड्याला पुन्हा बदलली. वळणावर उतरले तेव्हा दुपार होती. जुन्या घराच्या जागेवर घरकुल उभं होतं, पांढरं, चौकोनी. आत गॅस होता. आई मागच्या खोपटात चुलीपुढे होती, कारण गॅसवरच्या भाकरीला चव नसते असं तिचं म्हणणं होतं. तव्यावर भाकरी नव्हती. मी येणार हे तिला कळलं नव्हतं.

मी तिला सगळं सांगितलं. साचा, नवी भिंत, खत.

"पीठ कधी पडाया लागलं?"

"थंडीत."

"म्हणजे पावसाळा काढला त्यानं," ती म्हणाली. "बरा टिकला."

"मी तुला म्हटलं होतं राहील."

"तू तुझ्या भाबडेपणानं म्हटलीस. मना ठाऊक होतं." तिने पीठ मळायला घेतलं. "इथं ठेवला असता त जेसीबीनं एका दिवसात मोडला असता. तिथं चार माणसांनी बघितला तरी."

भाऊ दारातून म्हणाला, "आता शहरवाल्यांना सांग, घरकुलाची भिंत पण घेऊन जा. हिला भुंगा लागत नाय, चिरा पडतात."

आईने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. "भोकाच्या भवतीच्या काठ्या मधल्या हायेत," ती मला म्हणाली. "भुंगा बुडातनं चढतो. त्या चांगल्या असतील. खतात घालण्याआधी तेवढ्या माग."

मी परत जाऊन मागितल्या. बाईंनी त्या स्वतः सोडवून, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या. अकरा काठ्या निघाल्या. काही अखंड, काही अर्ध्या. एका बाजूने अजून काळ्या.

त्या घेऊन मी पुढच्या महिन्यात पाड्यावर गेले. आईने त्या दोन दिवस चुलीवरच्या माळ्यावर धुरात ठेवल्या, मग खोपटाच्या रस्त्याकडच्या बाजूला रोवल्या आणि मधे नव्या कारवीची भर घातली. मी शेणमाती कालवून दिली. माझे हात चुकत होते ते तिने दोनदा दाखवलं, तिसऱ्यांदा मला बाजूला केलं. लिंपताना मुठीएवढी जागा तिने मोकळी सोडली. मग चुलीपुढे बसून उंची बघितली आणि भोक दोन बोटं खाली घेतलं.

"पूर्वी इथं होतं ना?" मी विचारलं.

"पूर्वी मी उंच होते."

प्रदर्शन केंद्रातली नवी भिंत मी बघून आले आहे. रंग हुबेहूब आहे. भोक मात्र उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर केलं आहे, त्यातून लोक एकमेकांचे फोटो काढतात. भिंतीला नाक लावून पाहिलं. कसलाच वास नाही.

खोपटाचा कूड लिंपून झाला त्या रविवारी मी पाड्यावरून निघाले. उतार उतरून वळणावर आले, एसटीला वेळ होता. वर घरकुल स्पष्ट दिसत होतं. त्याच्या मागून धूर येत होता. खोपटाची एक कड दिसत होती. रस्त्यावरून ते भोक दिसत नाही. जुनंही कधी दिसलं नव्हतं.

मी हात वर केला आणि एसटी येईपर्यंत तसाच ठेवला.