शिरेवरचं बोट

सकाळी भाच्याचा फोन आला, "मावशी, आई गेली." मंगलताईची फुफ्फुसं साथ देत नाहीत हे कळत होतं, तरी मी कुकरचं झाकण हातात घेऊन तशीच उभी राहिले... महिना उलटला, तेव्हा कुठे लिहायला बसले आहे.

ताई माझी थोरली बहीण. सगळी नोकरी तिने पुण्यातल्या एका रुग्णालयात आयसीयूची सिस्टर म्हणून केली. तिथे कसबा पेठेतला एक शिंपी मरता मरता वाचला. घरी गेल्यावर काही दिवसांनी तो भेटायला आला, तो बाही वर करूनच. सलाईनच्या सुईने सुजलेली शीर दोरीसारखी कडक झाली होती. "वाचवलंत खरं सिस्टर, पण कात्री धरवत नाही हो." ते ताईच्या मनाला फार लागलं. तेव्हापासून दर पाळीला ती प्रत्येकाच्या सुईची जागा बोट फिरवून बघू लागली. लाली दिसली, शीर ताठ लागली की सुई काढून जागा बदलायची. गरज संपलेली सुई उगाच राहू द्यायची नाही. मोठे डॉक्टर वैतागले, "इथे जीव वाचवायची मारामार, आणि तुम्ही शिरा काय चाचपताय?" ताई म्हणाली, "जीव वाचल्यावर हात त्यांनाच वापरायचाय, सर." हळूहळू सुजलेले हात कमी झाले, मग डॉक्टरच "शिरा बघितल्यात ना?" असं विचारू लागले. निवृत्तीनंतर नव्या मुलींना हे शिकवायची तिला फार इच्छा होती. "बोलावतो," रुग्णालयातले म्हणाले... विश्रांतवाडीच्या घरी ती वाट बघत राहिली. कोणी बोलावलं नाही.

मग न्यूमोनियाने तिला दुसऱ्याच एका रुग्णालयात नेलं. शेवटचं भेटले तेव्हा तोंडावर मास्क, बोलणं बंद, आणि डावा हात पलंगाच्या कठड्याला बांधलेला. "आजी सारखी सुई ओढायला जातात," तिथली तरुण सिस्टर म्हणाली. ताई डोळ्यांनी उजव्या हाताकडे खुणावत होती. मी म्हटलं, "ओढत नाहीये गं, दाखवतेय. ती स्वतः आयसीयूची सिस्टर होती." त्या मुलीने उजव्या हातावरची सुईची चिकटपट्टी उचकटली. खाली हात लालभडक. तिचा चेहराच उतरला. तिने ती सुई काढली, दुसऱ्या जागी नवी लावली आणि बांधलेला हात सोडला.

त्या मोकळ्या हाताने ताईने मुलीचं बोट धरलं आणि आपल्या सुजलेल्या शिरेवरून सावकाश फिरवलं... इथे मऊ, इथे ताठ. पुन्हा तेच, पुन्हा तेच. मुलगी खाली वाकून शिकत राहिली, भेटीची वेळ संपेपर्यंत. एवढं शिकवायचं होतं ताईला, आणि वर्ग भरला तो असा. एकच विद्यार्थिनी, शिकायला एकच हात... तोही ताईचा स्वतःचाच.