गोल बेटावर हरवलेली बाई

पुरी चांगली टम्म फुगलेली असली, की ते ती लगेच खायचे नाहीत. दोन बोटांत धरून सगळ्यांना दिसेल अशी वर उचलायचे. "आल्झो, तर हे बेट," म्हणायचे. "हा मधला फुगा म्हणजे डोंगर. ही कड म्हणजे रस्ता. अख्ख्या बेटाला रस्ता एकच, गोल. त्यावर दोन बस. एक घड्याळाच्या दिशेने जाते, दुसरी उलट्या. कपाळावर तसं लिहिलेलंच असतं. आता मला सांगा, इथे माणूस हरवेल कसा?"

मग जरा थांबायचे. कोशिंबीर वाढत असलेल्या वहिनींकडे हात करायचे आणि म्हणायचे, "पण आमची ही हरवली!"

हशा व्हायचाच. न्युरेम्बर्गात आम्ही मराठी कुटुंबं तेव्हा मोजकीच होतो. कुणाच्या तरी घरी नाहीतर चर्चच्या भाड्याच्या हॉलमध्ये जमायचो आणि हे बेट दर वेळी ताटात यायचं. तुमच्याही ओळखीत असा एखादा नवरा असेल, ज्याचे सगळे विनोद एकाच बाईच्या जिवावर चालतात. असे नवरे फार लोकप्रिय असतात. मैफल रंगवतात, जाताना सगळ्यांच्या मुलांचे गालगुच्चे घेतात आणि घरी जाताना गाडीत बायकोला विचारतात, तुझा चेहरा का असा?

ते माझ्याच ऑफिसात होते, मला बरेच ज्येष्ठ. सॉफ्टवेअर लिहायचे, पण त्यांचा खरा जीव रस्त्यांत. कुठली ऊ-बान, म्हणजे भुयारी गाडी, किती वाजता येते, कुठल्या डब्याच्या कुठल्या दारात उभं राहिलं की उतरल्यावर सरकता जिना बरोब्बर समोर येतो, हे त्यांना पाठ होतं. एखादा भलत्या दारातून उतरला, तर त्याच्या शेजारून चालताना हळूच म्हणायचे, "रस्ता चुकणं हा अपघात नसतो हं. तो स्वभाव असतो."

मी जानेवारीत दोन बॅगा घेऊन एकटी उतरले, तेव्हा स्टेशनवर घ्यायला तेच आले होते. थर्मासमध्ये चहा होता. नाव नोंदवायच्या कचेरीत माझ्याबरोबर अर्धा दिवस बसले, माझ्या वतीने जर्मनमध्ये भांडले. रात्री घरी नेलं, वहिनींनी गरम मुगाची खिचडी वाढली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दुसऱ्या दिवशी मी एकटी ऑफिसला निघाले आणि उलट्या दिशेच्या गाडीत बसून शेजारच्या फ्युर्थ गावाला पोचले. पुढे वर्षभर ते माझी ओळख "ही आमची फ्युर्थची पाहुणी" अशी करून देत. त्यांचं प्रेम असं होतं. थर्मास खरा आणि टोमणाही खरा.

माझी चेष्टा करायला मात्र ते वर्षभरातच कंटाळले. वहिनींना सुट्टी नव्हती. ऊ-बानमध्ये शेजारी बसले की मध्येच विचारायचे, "पुढची हाल्टेस्टेलं, पुढचा थांबा कुठला? सांग." समोर आम्ही दोघं-तिघं बसलेलो. वहिनी खिडकीबाहेरच्या काळोखाकडे बघत काहीतरी नाव घेत. बरोबर आलं तर ते "गेनाऊ!" म्हणून टाळी वाजवत, चुकलं तर आमच्याकडे बघून डोळे मिचकावत. पन्नाशीला आलेल्या बाईची ही रोजची तोंडी परीक्षा. मला त्यांचा राग यायचा आणि हसूही यायचं. दोन्ही एकदम येत असल्यामुळे मी बहुतेक वेळा हसूनच मोकळी व्हायचे.

तर ते बेट. रारोटोंगा त्याचं नाव, पॅसिफिक महासागराच्या पार मध्यावर. ऑफिसच्या कामासाठी त्यांना न्यूझीलंडला पाठवलं होतं, तेव्हा वहिनींना सोबत घेऊन त्यांनी पुढे एक आठवडा तिथे काढला. तिथे फिरायचं कसं हे त्यांनी इतक्यांदा सांगितलंय की मी न जाता तुम्हांला सांगू शकते. बसला थांबे आहेत, पण हात केला की ती कुठेही थांबते. रविवारी फिरायचं नाव काढू नये, सगळं बेट चर्चमध्ये असतं. स्कूटर भाड्याने मिळते, पण आधी पोलिसांकडे जाऊन त्यांचं लायसन्स काढावं लागतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे गाड्या आपल्यासारख्या डावीकडून चालतात, म्हणून बसायचं ते घड्याळाच्या दिशेने जाणाऱ्या बसमध्येच. ती समुद्राच्या कडेने धावते. उलटी बस डोंगराच्या बाजूने जाते.

शनिवारी ते दोघं गावातल्या बाजारात गेले. वहिनी एका दुकानापुढे कापड बघत रेंगाळल्या. यांनी दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली नाही. सरळ बसमध्ये बसून मुक्कामाच्या जागी निघून गेले. "म्हटलं, जरा शिस्त लागू दे. मागून येईल पुढच्या बसने, दहा-पंधरा मिनिटांचा तर रस्ता!" पुढची बस आली, वहिनी आल्या नाहीत. त्याच्या पुढचीही आली. हे रस्त्यावर उभे. शेवटी पोलिसांकडे निघणार, तोच पलीकडच्या बाजूला उलटी बस थांबली आणि हातात केळ्यांचा घड घेऊन वहिनी खाली उतरल्या. सगळ्या बेटाला वळसा घालून!

"गोल बेटावर हरवलेली जगातली एकमेव बाई!" इथे पुरी तोंडात जायची आणि गोष्ट संपायची.

वहिनी कधी काही बोलल्या नाहीत. ओठ न उघडता हसायच्या आणि पुढच्याच्या ताटात काहीतरी वाढायच्या. आम्ही सगळे ते हसू म्हणजे संमती समजत होतो. बायका असं का हसतात, हे निदान मला तरी कळायला हवं होतं.

पुढे बऱ्याच वर्षांनी एकदा गणपतीला चर्चच्या त्याच हॉलमध्ये पंगत बसली होती. एक नवं जोडपं आलं होतं, त्यामुळे बेट नव्याने सांगणं भाग होतं. पुरी वर गेली. माझी मुलगी तेव्हा पाच-सहा वर्षांची. तिला मराठी सगळं कळायचं, बोलायची मात्र जर्मनच. गोष्ट संपली, हशा झाला, आणि ती वहिनींचा पदर ओढून जर्मनमध्ये म्हणाली, "आजी, तू हरवलीस तेव्हा तुला भीती वाटली का गं?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न आमच्यापैकी कुणीही विचारला नव्हता.

वहिनी तिच्याशी बोलायला खाली वाकल्या. आवाज नेहमीचाच होता, पण हशा ओसरलेला असल्यामुळे सगळ्यांना ऐकू गेला. "नाही गं बाळा. हरवले कुठे? ती उलटी बस आहे हे वाचलं होतं मी. म्हणून तर बसले."

"म्हणून म्हणजे?" नव्या जोडप्यातल्या मुलीने निरागसपणे विचारलं.

"ह्यांच्याकडे पोचायला जास्त वेळ लागावा म्हणून," वहिनी म्हणाल्या आणि मसालेभाताचं पातेलं घेऊन पुढच्या रांगेकडे गेल्या.

मग कुणीतरी फिसकन हसलं, आणि त्यामागून सगळी पंगत हसली. इतकी की दोघांना ठसका लागला. मला आनंद झाला, हे कशाला लपवू? त्यांनीही हसायचा प्रयत्न केला. "गेनाऊ, गेनाऊ," असं दोनदा म्हणाले. हातातली पुरी त्यांनी खाल्ली नाही.

माणसं किती वाईट असतात बघा. पुढच्या प्रत्येक जमण्यात कुणी ना कुणी पुरी उचलून त्यांच्याकडे बघायचं. "हे बेट!" की लगेच हशा. ज्यांना त्यांनी घरं मिळवून दिली, बाळंतपणात रात्री-अपरात्री दवाखान्यात पोचवलं, ती माणसं यात सगळ्यांत पुढे होती. गोष्ट तीच होती, फक्त हसायचं कुणाला ते बदललं होतं.

घरी काय चाललं होतं ते मला वहिनींकडून कळलं. मी एका दुपारी लोणच्याची बरणी परत द्यायला गेले होते.

"रोज विचारतात," त्या म्हणाल्या. "काय केलंस त्या वेळात? कोण होतं बसमध्ये? मी सांगते, कुणी नव्हतं, बाहेर बघत बसले होते. त्यावर विश्वास नाही. अगं, कुणी भेटला होता असं म्हटलं असतं ना, तर भांडून एकदा गप्प तरी झाले असते."

"आणि खरंच काय बघितलंत?" मी विचारलं.

त्यांचा चेहरा असा उजळलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. "घरं गं. त्या बसमध्ये डावीकडे बसलं की माणसांची घरं अगदी जवळून दिसतात. तिथे अंगणातच आई-वडिलांना पुरतात. समाधीवर ताजी फुलं, शेजारी दोरीवर कपडे वाळतायत, कोंबड्या हिंडतायत. एका बाईने हात करून बस थांबवली, ड्रायव्हरला पाव दिला, गप्पा मारल्या आणि चढलीच नाही! कुणी घाई केली नाही. मागे दोघी गात होत्या. एकीने मला केळी दिली. आणि सबंध वाटेत पुढचा थांबा कुठला, हे मला कुणीही विचारलं नाही."

थंडी सुरू व्हायच्या आत वहिनी हॅनोव्हरला भाचीकडे गेल्या. भाचीचं बाळंतपण आहे, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. बाळ झालं, रांगायला लागलं, तरी वहिनी आल्या नाहीत. तिथल्या एका बालवाडीच्या स्वयंपाकघरात त्यांना काम मिळाल्याचं कळलं. इकडे त्यांच्या यजमानांनी आमच्या जमण्यांना येणं सोडलं. ऑफिसात शर्टाची फक्त कॉलर इस्त्री केलेली दिसायची, वर स्वेटर. मला ते बघवत नव्हतं.

एकदा कँटीनमध्ये ते माझ्यासमोर येऊन बसले. सूपमध्ये चमचा नुसता फिरवत राहिले.

"तुझ्याशी बोलली असेल ती," ते म्हणाले.

मी जे ऐकलं होतं ते सगळं सांगितलं. समाध्या, फुलं, कोंबड्या, पाव देणारी बाई. थांब्याबद्दलचं वाक्यही गाळलं नाही. गाळावंसं वाटलं होतं, पण म्हटलं, ऐकू दे. त्यांनी सगळं मान खाली घालून ऐकलं. मला वाटलं, आता हा माणूस रडणार. मी रुमालसुद्धा चाचपला.

त्यांनी मान वर केली. "बसमध्ये ती कुठल्या बाजूला बसली होती?"

"डावीकडे," मी म्हटलं. "डोंगराच्या बाजूला."

"याऽ," ते म्हणाले. जर्मन लोक हो म्हणतात तसं, श्वास आत घेत. मग ताट ठेवून निघून गेले.

दुसऱ्या हिवाळ्यात, फेब्रुवारीत, त्यांनी सगळी साठलेली सुट्टी एकदम घेतली. कुठे जाताय विचारलं, तर पहिल्यांदाच काही सांगितलं नाही. मला वाटलं, हॅनोव्हरला. मला मनापासून बरं वाटलं. मी घरी देवापुढे दिवाही लावला, नवऱ्याने त्यावरून चेष्टा केली.

ते परत आले ते नाकाचं साल सोललेलं, मान काळवंडलेली. न्युरेम्बर्गात अजून बर्फ होतं. कॉफीच्या मशीनजवळ त्यांनी मला गाठलं.

"जाऊन आलो," ते म्हणाले.

"कुठे?"

"तिथेच. त्याच उलट्या बसने फिरलो. पहिल्या दिवशी एक चक्कर, मग रोजच. डावीकडे, खिडकीशी बसलो."

एका बसमध्ये बसायला अर्धी पृथ्वी ओलांडून गेलेल्या त्या माणसाकडे मी बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी रस्ता दुसऱ्या कुणाला विचारला होता. माझा सगळा राग त्या क्षणी गेला. आत्ताच्या आत्ता वहिनींना फोन लावावा आणि यांच्या कानाशी धरावा, असं वाटलं. तेवढी एक गोष्ट त्या ऐकतील याची मला खात्री होती. मी खिशातून फोन काढलासुद्धा.

"मग?" मी विचारलं. "काय दिसलं?"

त्यांनी बराच वेळ विचार केला. खरंच आठवून बघत होते. मशीनमधून कॉफी संपूर्ण खाली उतरली, तरी कप तसाच होता.

"काही नाही गं," ते म्हणाले. "त्या बाजूने समुद्र नीट दिसतसुद्धा नाही."

मी फोन परत खिशात ठेवला. वसंतात ते बदली मागून गेले, हॅनोव्हरला नाही, ड्रेस्डेनला.