गाडीची शाल

मयुरा जेवत नाही असं नाही. जेवते, पण काय जेवलीस म्हटलं तर तिला सांगता येत नाही. नऊ दिवस झाले. आज रात्रपाळीला निघाली तेव्हाही नखांत काळं ग्रीस तसंच होतं. ती गेल्यापासून मला तेच हात दिसताहेत.

माझी ही मुलगी एकतीस वर्षांची आहे. झाशीच्या रेल्वे कारखान्यात इंजिनिअर, हाताखाली चाळीस माणसं. माझ्याशी मात्र हिंदीत बोलते. मराठीत बोलायची ती फक्त तिच्या बाबांशी, तेही फियाटखाली आडवी पडून. सहाव्या वर्षी तिला पान्यांचे नंबर पाठ होते, पाढे नंतर आले. मागच्या श्रावणात हे गेले आणि तिची मराठी जवळजवळ बंदच झाली. गाडी तेवढी तिनं चालू ठेवली, बहात्तर सालची.

होळीनंतरच्या आठवड्यात ती मोठ गावी आभाकडे, तिच्या मैत्रिणीकडे, गेली होती. अंधार पडल्यावर परतताना बॉनेटमधून वाफ यायला लागली. तापमानाचा काटा लाल खुणेपलीकडे गेलेला दिसेपर्यंत उशीर झाला होता. एका ट्रकवाल्यानं दोर बांधून गाडी घरापर्यंत आणून दिली.

दुसऱ्या दिवसापासून पोर्चमध्ये जुन्या चादरीवर इंजिन सुटं होत गेलं. हेड वाकलंय, तिनं त्यावर सरळ पट्टी ठेवून मला खालची फट दाखवली. दोन सिलिंडरांमधलं गॅस्केट जळून काळं पडलंय, एका पिस्टनवर उभे ओरखडे आहेत. हे सगळं तापल्यामुळे. पण तापलं कशानं? पंप चांगला, पट्टा घट्ट, रेडिएटरमधून पाणी सरळ वाहतं. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की पाण्याला वाट उघडून देणारी झडप, तिनं माझ्या दुधाच्या पातेल्यात, उकळत्या पाण्यात सोडला. आम्ही दोघी गॅसपाशी वाकून बघत होतो. तो व्यवस्थित उघडला.

"देखा, ये भी ठीक है," ती म्हणाली. "मतलब गलती मेरी है. दिसंबर में टाइमिंग मैंने ही सेट की थी."

मदतीला आलेले जयसिंग मिस्त्री हसले. "दीदी, आप तो इंजन से वो भी कबूल करवा लोगी जो उसने किया नहीं."

मी पातेलं घासायला घेतलं.

गाडी का तापली ते मला माहीत आहे. कार्तिकात थंडी पडली की हे रेडिएटरपुढे, जाळीच्या आत, एक कापड लावायचे, म्हणजे वारा अडून पहाटे इंजिन लवकर गरम व्हायचं. मीच शिवलेलं. आत गोणपाट, वरून जुन्या छत्रीचं काळं कापड, बाहेरून दिसू नये म्हणून. "गाडीला शाल घातली गं," म्हणायचे. होळीच्या सकाळी स्वतः काढायचे आणि झटकून माझ्या हातात द्यायचे. मयुरा तेव्हा झोपलेली असायची. हे आम्हा दोघांचंच काम होतं.

या कार्तिकात मी एकटीनं ती घातली. घालताना हे मागे चहाचा कप घेऊन उभे आहेत असं वाटत राहिलं. होळीला काढायला गेलेच नाही. विसरले, असं मी स्वतःला सांगते. खरं तर झटकून द्यायची कुणाच्या हातात, ते मला कळेना.

गाडी ओढून आणली त्याच्या दुसऱ्या पहाटे, मयुरा उठायच्या आत, मी शाल काढून कपाटात साड्यांमागे ठेवली. मुलगी नऊ दिवस पोर्चमध्ये वाकून शोधते आहे, आणि मी तिला पाणी नेऊन देते आहे.

परवा समथरहून एक गृहस्थ गाडी विकत न्यायला येणार आहेत, अशी आहे तशी, सुट्या भागांसकट. मी मयुराला अडवलं तर म्हणाली, "मेरे हाथ में नहीं रहनी चाहिए, आई. बाबांनी पस्तीस वर्षं सांभाळली, आणि मी..." कितीतरी महिन्यांनी ती मराठीत बोलली, तेही हे.

गाडी जाणार ती तिला यांच्यासारखं काम करता येत नाही म्हणून नव्हे. गेली तर माझ्यामुळे जाईल, आणि तिनं ते जन्मभर स्वतःच्या नावावर घेतलेलं असेल.

दोन वाजत आलेत. दोनला तिची चहाची सुट्टी असते. सकाळी सांगू म्हटलं तर सकाळी मी पोहे करायला घेईन आणि ते राहूनच जाईल. शाल कपाटातून काढून मांडीवर घेतली आहे. अजून शालीला इंजिनाचा वास येतो.

फोन लावते.